टपाचं माप

प्रिय,

पुढे काय लिहावं इथेच पहिल्यांदा अडलो. सदतीस वर्षं मी तुला 'अगं' म्हणून हाक मारली आणि तू 'अहो' म्हणून ओ दिलीस. 'प्रिय अगं' असं लिहून पाहिलं, पण ते वाचून माझं मलाच हसू आलं. तेव्हा नुसतंच प्रिय. बाकीचं तू समजून घे, नाहीतरी सगळं तूच समजून घेत आली आहेस.

तू लेकीकडे गेल्यापासून इकडे बरं चाललंय. कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घालतो. स्वयंपाकात मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही. लेकीला सांग, तिच्या नव्या घराचे पडदे शिवून तयार आहेत. खिडक्यांची मापं तिने दोनदा कळवली आणि दोन्ही वेळा वेगळी, म्हणून खालच्या दुमडीत चार बोटं जास्तीचं कापड सोडलंय. टेलरची मुलगी असून टेप कुठून धरायची हे तिला कळत नाही, यावर हसायला गेलो आणि हसू आतच राहिलं. का ते पुढे येईलच.

परवा फोनवर तू विचारलंस, गाडीचा टप बसला का? मी म्हणालो, होतंय, होतंय. ते खोटं होतं. व्हॅन त्या गाड्यांना टप बसवणाऱ्या छपरवाल्याच्या शेडमध्ये जशीच्या तशी उभी आहे, वरचा पत्रा शाबूत. काम मी थांबवलंय. तो म्हणतो, ठरवायचं ते आता ठरवा, एकदा पत्रा कापला की परत जोडता येत नाही. हे सगळं फोनवर सांगायला गेलो असतो, तर दुसऱ्या वाक्याला तू म्हणाली असतीस, जाऊ द्या हो, तुम्हाला हवं तसं करा. आणि मी सुटलो असतो. असा मी बरेचदा सुटलोय.

दुकान बंद केल्यावर ही जुनी मालवाहू गाडी घेऊन हिंडायची टूम माझीच. तू दुसऱ्या दिवशी कपाटातून नकाशे काढून जेवणाच्या टेबलावर पसरलेस आणि चष्मा लावून बसलीस. तेव्हाच मला कळलं की तुला माझ्यापेक्षा जास्त जायचंय. मग मी मागे लागलो टपाच्या. मूळ टपाखाली कुणालाच उभं राहता येत नाही, बसूनच कपडे बदला, बसूनच चहा करा. तेव्हा दोनच वाटा. एक उचलता टप, पेटीच्या झाकणासारखा वर होणारा, चारी बाजूंना कापडाच्या भिंती. गाडी थांबली की उचलायचा, निघताना खाली घ्यायचा. दुसरा पक्का टप, फायबरचा. छपरवाला तो आपल्या मापाने ओतून देतो, हवा तेवढा उंच.

पंधरा दिवस मी या दोन टपांनी तुझं डोकं खाल्लं. उचलता नको, कारण कापडातून गारठा येतो, वारा सुटला की ते फडफडतं आणि जन्मभर कापड शिवल्यावर आता कापडाच्या भिंतीत झोपायची माझी इच्छा नाही. हे शेवटचं मी चार लोकांना ऐकवलं आणि चारही वेळा लोक हसले. पक्काच हवा, पण फार उंच नको, कारण आपल्या इमारतीच्या फाटकावरची तुळई. ती मध्ये आली तर गाडी रोज रस्त्यावर लावावी लागेल. मुद्दे बिनतोड होते. तू सगळ्यांना मान डोलावलीस.

या सोमवारी मी ती तुळई मोजली. टेप घेऊन, स्टुलावर चढून. सगळ्यात उंच टप बसवला तरी वर सव्वा फूट जागा उरते. आयुष्यभर मापं घेऊन पोट भरलेल्या माणसाने तुळई मात्र नुसती नजरेने मोजली होती, आणि नजरेला जे हवं होतं तेच तिने पाहिलं. कापडाचंही तसंच. छपरवाला म्हणतो, आतून अस्तर लावलं तर गारठा कळतसुद्धा नाही, आणि अस्तर कसं लावायचं ते तुम्ही मला शिकवाल. दोन कारणं मी शोधून काढली होती, आणि त्यातल्या एकेकाने बरोबर असा एकेक टप बाद होत होता, ज्याच्याखाली तुला सरळ उभं राहता आलं असतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं लिहिणार होतो. पण कळत होतं.

शेडमधला तो दिवस तुलाही आठवत असेल. तिथे नमुन्याची एक गाडी होती, मध्यम उंचीचा टप बसवलेली. मी आत शिरलो, उभा राहिलो, डोक्यावर दोन बोटं जागा. मग तू आलीस. ओट्यावरून हात फिरवलास, छोटा नळ सोडून पाहिलास, छान आहे म्हणालीस आणि मान खाली घालून उभी राहिलीस. छपरवाला टेप घेऊन पुढे आला, म्हणाला, ताई, जरा सरळ उभ्या राहता का, माप घेतो. तू म्हणालीस, सरळच उभी आहे की. तू खोटं बोलत नव्हतीस. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी गाडीच्या रंगाकडे पाहिलं.

आणि मग मी विनोद केला. माझंच माप घ्या म्हणालो, गाडीत स्वयंपाक मलाच करायचाय. सगळे हसले, तूही हसलीस. त्याच्या छापील कागदावर एक रकाना होता: गाडीत उभं राहणाऱ्या सगळ्यात उंच माणसाची अनवाणी उंची. त्या रकान्यात मी माझी उंची लिहिली. तू टेबलाच्या पलीकडे उभी होतीस, पण वाचनालयात इतकी वर्षं काढलेल्या बाईला उलटा कागद वाचायला काय लागतं. तू आकडा वाचलास, पर्स खांद्याला लावलीस आणि म्हणालीस, निघू या का? परतताना बसमध्ये तू पडद्यांच्या रंगाबद्दल बोलत होतीस.

मला लाज वाटते. हे वाक्य तुझ्यासमोर उभं राहून म्हणायला जीभ रेटली नसती, म्हणून लिहूनच टाकतो. त्या गाडीत मी ताठ उभा होतो आणि तू वाकलेली होतीस, आणि माझ्या मनाला बरं वाटलं होतं. अगदी क्षणभर, पण वाटलं. या वयात.

हे कुठून सुरू झालं ते मला नेमकं माहीत आहे. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने मला पायरीवर चढवलं आणि तुला खाली उभं केलं, तिथून नाही. तेव्हा आपण दोघंही हसलो होतो. सुरुवात झाली ती दुसऱ्या वर्षी, माझ्या दोस्ताच्या नव्या दुकानात. तू टाचेच्या चपला घातल्या होत्यास, त्या तुला आवडायच्या. कुणीतरी म्हणालं, आली लंबू-टिंगूची जोडी. सगळे हसले, तूही हसलीस, कारण तुला त्यात हसण्यासारखंच काहीतरी दिसलं. मी मात्र हसलो नाही. घराच्या दारात आल्यावर म्हणालो, जरा खाली वाकून चाललीस तर काय बिघडतं? मुद्दाम मिरवतेस. तू चपला काढल्यास आणि आत गेलीस. त्या चपला मी पुन्हा तुझ्या पायात पाहिल्या नाहीत. आपण भांडलो असतो तर बरं झालं असतं. दोन दिवस अबोला धरला असतास, मी चार दिवस फुगून बसलो असतो, आणि विषय संपला असता. तू ऐकलंस, तिथेच सगळं बिघडलं.

त्यानंतर एकदाच मी तुला तुझ्या खऱ्या उंचीत पाहिलं. लेक तेव्हा दुसरीत होती. तू किल्ली विसरलीस म्हणून मी वाचनालयात आलो होतो. काचेच्या दारातून तू दिसलीस. एका म्हाताऱ्या गृहस्थांना सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक हवं होतं आणि तू ते शिडीबिडी न घेता नुसता हात वर करून काढत होतीस. पाठ ताठ, मान वर. तुझी सहकारीण काहीतरी म्हणाली आणि तू मोकळी हसलीस. ही कोण बाई, असं मला वाटून गेलं, शपथेवर सांगतो. मग तू मला पाहिलंस. दारापर्यंत दहा-बारा पावलं असतील. पहिल्या दोन पावलांत खांदे पुढे आले, मग मान उतरली, आणि माझ्यापुढे पोचलीस तेव्हा आपण दोघं सारखे झालो होतो. तुला कळलंही नसेल. मी किल्ली दिली आणि दुकानात येऊन दिवसभर शिवत बसलो. हे मी कुणालाही, तुलासुद्धा, कधी सांगितलं नाही.

आता या आठवड्याचं. तुळई मोजल्यावर मी तसाच शेडमध्ये गेलो. छपरवाला दुसऱ्या दिवशी साचा भरणार होता. म्हटलं, थांबा, तो आकडा चुकलाय, सगळ्यात उंच माणूस मी नाही. तो पेन उघडून म्हणाला, सांगा मग, ताईंची उंची किती? मला माहीत नव्हती. बायकोचा प्रत्येक कपडा मी या हाताने शिवला, पण आमच्या धंद्यात खांदा मोजतात, छाती, कंबर, बाही मोजतात. माणूस किती उंच आहे हे कुणी मोजत नाही.

घरी येऊन मापाच्या जुन्या वह्या काढल्या. म्हटलं, कोटाची लांबी, त्याखाली घोट्यापर्यंतचं माप, वर मान आणि डोकं अंदाजाने, बेरीज करून आकडा काढू. तुझी पानं प्रत्येक वहीत शेवटी आहेत. पहिल्या वहीत पाठ आणि पुढा यांचं माप नेहमीच्या अंगाचं आहे. तिसऱ्या वर्षाच्या कोटाला माझ्या अक्षरात लिहिलंय, पाठ पाव इंच वाढवली. दोन वर्षांनी अर्धा. मग पाऊण, आणि पुढा अर्धा कमी. बाक आलेल्या माणसाचा कपडा मागून वर चढतो, म्हणून आम्ही पाठीला कापड वाढवतो आणि पुढून काढून घेतो. दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी हे रोजचं काम होतं. तू एकोणतीस वर्षांची होतीस. गेल्या थंडीत शिवलेल्या कोटाला पाठ दीड इंच वाढवलेली आहे. प्रत्येक वेळी मी ते केलं, आणि तुझा कोट मागून कधी चढत नाही याचा मला अभिमान वाटायचा. शेजारणी विचारायच्या, इतकं बेतशीर कोण शिवतं? तू माझ्याकडे बोट दाखवायचीस. काय झालंय हे विचारायला हवं होतं तिथे मी फक्त कापड वाढवत गेलो. मग वही मिटली.

बेरीज मी केली नाही. ती सगळी मापं वाकलेल्या अंगाची आहेत, त्यातून तुझी उंची निघणार नाही. टप पक्काच करायचा ठरवलंय. उचलत्यातही तू मावली असतीस, पण सरळ उभं राहायला तुला दर वेळी झाकण उचलावं लागावं, हे मला आता नको. छपरवाल्याने पुढच्या शनिवारपर्यंत वेळ दिलाय. तेव्हा एवढ्यासाठी हे पत्र: लेकीच्या घरात एखाद्या मोकळ्या भिंतीला टेकून उभी राहा. अनवाणी. टाचा भिंतीला लागू देत, पाठ जितकी टेकेल तितकी टेकव, दुखलं तर ओढूनताणून करू नकोस. लेकीला म्हणावं, डोक्यावर एक जाड पुस्तक आडवं धर आणि पेन्सिलीने रेघ मार. नवा रंग खराब होतो म्हणून ती कुरकुरेल, तिला सांग बाबांनी सांगितलंय. जमिनीपासून रेघेपर्यंत जो आकडा येईल तो मला कळव, त्या रकान्यात मी तो लिहीन आणि वर वीतभर जागा सोडायला सांगेन. घाई करू नकोस, दोनदा मोजा. मी तिथे नाही, तेव्हा तुला सरळ उभं राहता येईल.

तुझाच,
बुटका नवरा