नस्तीबद्ध म्हणजे पक्कं

अण्णा, मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये, असं आई म्हणायची. पण गेला महिनाभर माझं डोकं तापलेलं आहे आणि त्यातला निम्मा राग तुमच्या वाट्याचा आहे. उरलेला माझ्या ऑफिसचा आणि माझा. तो कसा वाटून घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही.

मी हल्ली काय करते ते तुम्हाला माहीत नाही. शहरात मानवी हक्कांची एक समिती आहे, सावेडीत एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर. चौकीत मारलं, दवाखान्यात दाखल करून घेतलं नाही, शाळेनं दाखला अडवला, असं काय काय घेऊन लोक जिना चढून येतात. समितीचे प्रमुख निवृत्त अधिकारी आहेत. त्यांची पत्रं मी लिहिते. मसुदा माझा, सही साहेबांची. दर वर्षी मानवी हक्क दिनाला हॉल घेतात, दारात रांगोळी काढतात, आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे यावर साहेब पाऊण तास बोलतात. शेवटचा माणूस तेव्हा हॉलच्या बाहेर खुर्च्या उचलायला थांबलेला असतो.

मला हे काम मिळालं ते तुमच्यामुळेच. तुम्ही कोर्टाबाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसायचात, लोकांचे अर्ज लिहून द्यायचात. शाळा सुटली की मी तिथे येऊन कार्बन पेपर लावायची. माणूस रडत रडत सांगायचा, ‘भावानं बांध कोरला वो, इचारलं तर मारायला धावला,’ आणि तुमच्या मशीनमधून बाहेर यायचं, ‘प्रतिवादीने सामाईक हद्दीचे हेतुपुरस्सर उल्लंघन केले असून’. मग तुम्ही ते मोठ्यानं वाचून दाखवायचात. त्याला त्यातलं अक्षर कळायचं नाही, आणि म्हणूनच तो खूश व्हायचा. ‘लई भारी लिवलंय,’ म्हणायचा. तुम्ही चष्मा पुसायचात. मलाही तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटायचा! मी सातवीत असताना बाईंना चिठ्ठी लिहिली होती, ‘मला ताप आला म्हणून मी आले नाही’. ती तुम्ही टराटरा फाडलीत. ‘असं बोलतात. लिहीत नाहीत,’ म्हणालात, आणि प्रकृती-अस्वास्थ्यामुळे अनुपस्थित राहिल्याबद्दल क्षमस्व, असं दहा वेळा लिहून घेतलंत. रात्री जेवताना तुम्ही मला एकेक सरकारी शब्द विचारता आहात, मी घास हातात धरून अर्थ सांगते आहे, आणि आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणते आहे, ‘जेवताना तरी मराठीत बोला.’ आपण दोघं हसतो आहोत. टायपिंगची परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही मला तुमचा शब्दकोश दिलात. तो आजही माझ्या टेबलावर असतो. तो पाहिला तरी हल्ली माझा संताप होतो.

गेल्या महिन्यात पाथर्डीकडची एक बाई आली. बरोबर नवरा. दोघं ऊसतोडीला जातात. मागच्या वर्षी कुणाची तरी पाण्याची मोटर चोरीला गेली, आणि संशय म्हणून या माणसाला उचलून चौकीत दोन दिवस ठेवलं. तिथे त्याच्या कानांवर एवढं मारलं की डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही आणि उजव्यानं ओरडून बोललं तरच थोडं. मोटर नंतर दुसरीकडेच सापडली. बाईनं आमच्याकडे तक्रार केली. समितीनं अहवाल मागवला, तोही त्याच चौकीकडून! अहवाल आला, इसम पायरीवरून पडला. साहेबांनी प्रकरण मिटवलं आणि मी पत्र लिहिलं, ‘प्राप्त अहवालाच्या अनुषंगाने आपला तक्रार अर्ज नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’ खाली आणखी एक ओळ, फेरविचार अर्ज साठ दिवसांत दाखल करता येईल. ते पत्र लिहायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

बाईनं पिशवीतून तेच पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. लॅमिनेशन केलेलं. ‘ताई, आमची तारीक कवा हाय?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, कसली तारीख? ‘सुनावनीची. ह्ये पत्र आलं न्हवं का. गावातल्या मास्तरानं वाचून दावलं. बद्द म्हंजी बांदलं, म्हनले. पक्कं झालं. मंग आमी ऊस तोडाया गेल्तो, म्हून यायला उशीर झाला.’ आणि मग जरा पुढे वाकून म्हणाली, ‘यांला आयकू येत न्हाई. साहेबानं काय इचारलं ते यांला कसं कळंल? मला जवळ उभं ऱ्हाऊ देत्याल का?’

सात महिने ती ते पत्र सांभाळत होती, अण्णा. उसाच्या फडावर, पाचटाच्या झोपडीवजा कोपीत, पत्र भिजू नये म्हणून तिनं त्याला प्लास्टिक चढवून घेतलं होतं. नस्ती म्हणजे फाईल, आणि नस्तीबद्ध म्हणजे फाईल बांधून कपाटात टाकली, आता येऊ नका. हे मी तिला सांगितलं. ‘तुमची तक्रार बंद केली आहे,’ एवढंच. पाच शब्दांत सांगता येतं ते! नवरा आमच्या दोघींची तोंडं निरखत होता. ‘काय म्हंत्यात?’ त्यानं विचारलं. तिनं त्याच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, ‘तारीक मिळंल म्हंत्यात!’ तो हसला. मग माझ्याकडे वळून तिनं हळू आवाजात विचारलं, ‘ह्ये कुनी लिवलं वो?’ मी म्हणाले, वरून येतं.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, ‘मॅडम, भाषा चोख आहे. मुदतही लिहिलेली आहे. त्यांना कळलं नाही, याला समिती काय करणार?’ चौदा वर्षांत मी पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, ज्याला कळायला पाहिजे त्यालाच कळलं नाही, तर मग पत्र पाठवलं कुणाला? एका माणसाचे कान गेले, आणि आपण त्याचं ऐकूनही घेतलं नाही. साहेब चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, ‘मसुदा तुमचाच ना?’

मग त्यांनी वाट दाखवली. फेरविचाराचा अर्ज आणा, उशिराचं कारण नीट लिहा, मी दाखल करून घेतो. मी बाईला बाहेर बसवलं आणि अर्ज लिहिला, साध्या मराठीत, तिच्या तोंडचाच. उशिराचं कारण लिहिलं, समितीच्या पत्राची भाषा आम्हाला समजली नाही. साहेबांनी तेवढ्या ओळीवर लाल पेन ओढलं आणि वर लिहिलं, ‘अर्जदाराच्या अज्ञानामुळे विलंब झाला.’ म्हणाले, ‘आमच्या पत्रात दोष होता, हे मी माझ्याच सहीनं कसं मान्य करू? असं लिहा, आत्ता शिक्का मारतो.’ मी भांडायला हवं होतं. पण भांडले असते तर अर्ज लटकला असता, आणि ती दोघं पुन्हा पाथर्डीहून किती वेळा आली असती? मी ती ओळ टाइप केली. जराही चूक न करता केली.

अर्ज दाखल झाला. तारीख लागली आहे, आणि बाईला नवऱ्याजवळ उभं राहू द्यावं, हेही मी साहेबांकडून मंजूर करून घेतलं. त्या मारणाऱ्यांना बोलावतील की नाही, कोण जाणे. तुमच्याशी भांडायला म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, वाक्यरचना बरोबर आहे, मग अडलं कुठे. म्हणूनच हे पत्र तुमच्या पत्त्यावर गेलं असतं तरी मी पेटीत टाकलं नसतं. आणि दुसरंही एक कारण आहे. अंगठा घेण्याआधी मी तिला अर्ज वाचून दाखवला. त्या ओळीपाशी तिनं मला थांबवलं. ‘ताई, ह्ये काय लिवलंय?’

‘उशीर का झाला, ते लिहिलंय,’ मी म्हणाले.

‘बरं क्येलं,’ ती म्हणाली. ‘न्हाईतर साहेबाला वाटायचं, आमचीच चूक हाय.’ आणि तिनं अंगठा पुढे केला. मी शाईची डबी तिच्यापुढे सरकवली, अण्णा.