प्रार्थनेत नाव घ्यायचं नाही

६ ऑक्टोबर, रविवार. उपासनेहून आल्यावर.
मलावीला व्हिडिओ कॉल. रीतीप्रमाणे एकेकाची तब्येत विचारली. राजसी कशी आहे? बरी. जावईबापू उन्मेष? बरे, मागे उभे राहून कांदा चिरताहेत. त्यांचं चोंदलेलं नाक? मोकळं झालं. मिशन हॉस्पिटलातले पेशंट? वाढलेत. उन्मेषच्या शाळेतली पोरं? दंगा करतात, म्हणजे बरीच असणार. कोंबड्या? एक मुंगसाने नेली, बाकीच्या ठीक. मुंगसाची विचारणार होतो, तेवढ्यात राजसीच्या आईने, कुंदाने, हातातून फोन घेतला.

लग्नाला अजून वर्ष व्हायचंय आणि लेक-जावई परदेशात सेवेला. ती नर्स, तो गणिताचा मास्तर. मी टेन्शन घेणाऱ्या बापांपैकी नाही. काळजी म्हणजे देवावर अविश्वास, हे चर्चच्या मंडळीच्या कमिटीतला वडील, म्हणजे एल्डर, या नात्याने मी पुष्कळांना समजावलं आहे.
संकल्प: फोन फक्त रविवारी.

७ ऑक्टोबर, सोमवार.
फोन केला. संकल्प उद्यापासून.
राजसी म्हणाली, इथलं पाणी जड आहे बाबा, डाळ शिजता शिजत नाही. काल उन्मेष वैतागून ताटावरून उठला आणि... इथे त्यांच्याकडची लाइट गेली. पुढचं वाक्य मीच मनात पुरं केलं. बापाला तेवढं कळतं.

९ ऑक्टोबर, बुधवार.
या बुधवारची घरप्रार्थना आमच्याकडे, अंबरनाथला. चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थनेचे विषय मागितले. थोडक्यात द्या म्हणाले. मी थोडक्यातच सुरू केलं. हे प्रभू, तुझ्या लेकीची, म्हणजे आमच्या राजसीची, डाळ परमुलखात शिजत नाही. जावई भरल्या ताटावरून उठतात. दोघांना तू एका ताटात बसव. पुढे शब्द आपोआप येत गेले. बुवापाड्याच्या बनूबाईंनी डोळ्याला पदर लावला.
लोक गेल्यावर कुंदा म्हणाली, अहो, ही देवाला सांगायची प्रार्थना होती की बुवापाड्याला ऐकवायची? तिला भक्तीतलं खोल काही कळत नाही. स्वभावाने चांगली आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार.
देवाने ऐकलं. आमच्या गायनमंडळात तबला वाजवणारा हिरामण कुकर घेऊन आला. बनूबाईंनी दुसरा आणला. तरुण संघाने वर्गणी काढून तिसरा. मलावीला धाडायचे कसे ते कोणी बोलत नाही. तूर्त दिवाणाखाली ठेवलेत.
चर्चच्या गेटपाशी विहीणबाई. उन्मेषच्या आई, नीलिमाताई, विठ्ठलवाडीहून मुद्दाम आलेल्या. मी सलाम म्हणालो. त्या म्हणाल्या नाहीत. माझा मुलगा ताटावरून उठतो होय, दिनानाथभाऊ? जन्मभर माझ्या हातची करपलेली भाजी गिळली त्याने, हूं नाही की चूं नाही. आणि उल्हासनगरचा कापडवाला काल मला विचारतो, भाभी, बहू वापस आ रही है क्या?
मी शांतपणे सांगितलं, मी कोणापाशी अवाक्षर काढलं नाही, फक्त देवापाशी बोललो. त्या म्हणाल्या, मग देव हल्ली बुवापाड्यात राहायला आला असेल.
बाई तापट आहेत. प्रार्थनेत घ्यायला हवं.

१४ ऑक्टोबर, सोमवार.
राजसीचा फोन, तोही आपण होऊन! आठवण येते पोरीला. आवाज मात्र चढलेला. उन्मेष उठला तो शेजारणीकडचा कुकर आणायला बाबा, आणि आम्ही दोघं हसत जेवलो. आता मला सगळ्या मावश्यांचे व्हॉइस मेसेज येताहेत, नवऱ्याशी कसं जुळवून घ्यावं म्हणून. बनूमावशी तर मेसेजमध्येच रडली. उन्मेष ते सगळे पुन्हापुन्हा लावून ऐकतो आणि म्हणतो, ऐक, ऐक जरा.
मग एकदम हळू आवाजात म्हणाली, बाबा, यापुढे माझं नाव प्रार्थनेत घ्यायचं नाही. शब्द द्या.
दिला. मला वाईट वगैरे वाटलं नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार.
शब्द पाळला. नाव घेतलं नाही. 'म'पासून सुरू होणाऱ्या देशातली एक नर्स, एवढंच म्हणालो. मॉरिशस, मालदीव, काहीही असू शकतं. आमेन फार जोरात आलं. बाहेर चपला घालताना हिरामणने विचारलं, कुकर पोचला का तिला?

२७ ऑक्टोबर, रविवार.
कॉल. एकेकाची तब्येत. सगळे बरे. हवा? गरम. जेवण? झालं. आणखी काय विशेष? काही नाही बाबा, आईला द्या ना. कुंदा फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. रस्त्यावरच्या आवाजाचा त्रास होतो म्हणे. रस्ता गॅलरीकडेच आहे.
माझा निष्कर्ष: तिकडचा संसार इतका सुरळीत लागलाय की सांगण्यासारखं काही उरलंच नाही. प्रार्थनेचं फळ.
तरी घरात बसवेना. स्टेशनपर्यंत जाऊन आलो. चहा घेतला. पुन्हा गेलो. चालणं गुडघ्यांना चांगलं.

१० नोव्हेंबर, रविवार.
परस्पर उन्मेषला फोन. माणूस सरळ आहे, आडपडदा नाही. राजसी कुठे? झोपलीय बाबा. भरदुपारी? हो, हॉस्पिटलात तिला हल्ली बसून करायचं काम दिलंय. म्हणजे बढती मिळालेली दिसते! पोरगी बोलली नाही, नम्र आहे.
जावईबापू स्वतः कपडे धुतात, नळावरून पाणी आणतात, मक्याच्या पिठाचं ते न्सिमा का काय, तेही घोटतात. मनगट दुखतं म्हणाले. त्यांच्या चर्चमध्ये उपासनेला सगळे उभे राहून नाचतात, हेही नाचतात. मी विचारलं, राजसी? ती सध्या बसून टाळ्या वाजवते. शिस्तीची आहे. माझ्यावर गेली.

२४ नोव्हेंबर, रविवार.
कुंदाने जुन्या सुती साड्या काढल्यात. धुतल्या, कापल्या, आता दुपटी शिवत बसते. कशाला म्हणून विचारलं. नाताळ आलाय ना, म्हणाली. चर्चमधल्या गोठ्याच्या देखाव्यासाठी असणार. पण बाळ येशू एकच, त्याला एवढी दुपटी? मी खोलात शिरलो नाही. तो माझा स्वभाव नाही.
नीलिमाताई येऊन गेल्या. चक्क हसल्या. म्हणाल्या, दिनानाथभाऊ, गुडघे सांभाळा, आता तुम्हाला पुष्कळ धावायचंय. जानेवारीत मंडळीची निवडणूक आहे. सेक्रेटरी म्हणून माझं नाव विठ्ठलवाडीपर्यंत गेलेलं दिसतं. भाषण तयार ठेवावं.

११ डिसेंबर, बुधवार.
प्रार्थना बनूबाईंच्या घरी. त्यांनीच केली. साधी बाई, मनात येईल ते बोलते. म्हणाली, देवबापा, राजसीच्या पोटातलं लेकरू सांभाळ. मागच्या टायमाला एप्रिलात गेलं, या टायमाला जाऊ देऊ नको रे बाबा. आणि दिनानाथभाऊंना अजून सांगितलेलं नाही, तोवर...
तिथे थांबली. कोणीतरी खोकलं. मी डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले, फक्त कुंदा माझ्याकडे बघत होती. पाळकसाहेबांनी घाईने आमेन म्हटलं. मग चहा झाला.

परत येताना रिक्षा केली नाही. कुंदा चालता चालता सांगत होती. बनूबाईंकडे मऊ साडी मागायला गेले आणि माझ्याच तोंडून निघालं, म्हणाली. एप्रिलात ते झालं तेव्हा राजसी म्हणाली होती, आई, बाबांना सांगू नकोस, ते प्रार्थनेत घेतील. मग सगळ्यांचे फोन येतील आणि प्रत्येकाला मला ते पुन्हा सांगावं लागेल. नाही जमणार मला. आता सहावा लागला की ती स्वतः सांगणार आहे तुम्हाला. म्हणाली, मीच सांगणार बाबांना, दुसरं कोणी नाही.
एप्रिलातही मी दर रविवारी तब्येत विचारत होतो. बरी आहे, म्हणायची.

१२ डिसेंबर, गुरुवार. सकाळ.
ठरवलं. मला काहीच ठाऊक नाही.
उठल्याबरोबर बुवापाड्याला जाऊन बनूबाईंना सांगून आलो, की काल तुमच्या प्रार्थनेत मला डुलकी लागली होती, मी काहीएक ऐकलेलं नाही. त्या म्हणाल्या, भाऊ, तुम्ही रडत होता. म्हणालो, झोपेत होतं मला कधी कधी तसं. बरं, म्हणाल्या, आणि चहा टाकला.

घरी येऊन राजसीला मेसेज लिहायला बसलो. फार मोठा झाला. पुसला. दुसरा लिहिला, त्यात आपोआप 'हे प्रभू' आलं. तोही पुसला. शेवटी गेला तो असा:

चि. राजसी, आम्ही दोघं बरे आहोत. सहज आठवण आली म्हणून लिहितो. तुला काही सांगावंसं वाटलं तर वाटेल तेव्हा सांग, नाही वाटलं तर राहू दे. सवडीने लिही, घाई मुळीच नाही. पण लवकर लिही.