आज घरीच राहजो

चंदन,

मी हिंगणघाटले चालली, संध्याकाळी वापस येईन. दुपारी दवाखान्यातले डॉक्टर, सिस्टर अन् समुपदेशनवाल्या मॅडम बाबाले पाहाले घरी येऊन राह्यले. दरवेळी ते आले का तू वावरात पळतं. आज घरीच राहजो, मॅडमले तुह्यासंगंच बोलायचं हाय.

'बाबाले कॅन्सरचं सांगू नको' म्हणून तू बजावलं, अन् रोज खोटं बोलाले मले एकटीले ठेवलं. थकली मी आता. काल बाबानं सरळ विचारलं, "वर्षाली, हे दुखणं मले घेऊनच जाईन ना?" मी हो म्हटलं.

ते रडले नाई. माह्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मले माहीतच होतं, बेटा. पण आता चंदनले कोण सांगन?"

तुही ताई