अठ्ठाविसाव्या शतकातलं आडनाव

पिंपरी,
१२ जुलै २०२५

प्रिय दीक्षा,
सप्रेम जय भीम.

आपण दोघं त्या माणसांतले, ज्यांनी नाव सांगितलं तरी समोरच्याचं भागत नाही. तो थांबतो, हसतो आणि विचारतो, "नाही, पूर्ण नाव?" मोशीतल्या त्या पहिल्या फ्लॅटच्या मालकानं विचारलं तेव्हा तू माझ्या शेजारीच उभी होतीस. पूर्ण नाव ऐकल्यावर त्याला आठवलं की फ्लॅट मेहुण्याला द्यायचा आहे. आपण दोघं जिना उतरलो.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण सांगत नाही. फोनवर मी बोलायला लागलो की तू फोन ओट्यावर ठेवून भांडी घासतेस. मला नळाचा आवाज येतो. म्हणून हे पत्र. आपल्या पथनाट्यातला धम्मरत्न चाकणला शिफ्टला जाताना देईल. त्याच्यासमोर उघडू नकोस, तो कंपनीच्या सगळ्या बसला सांगेल.

'ध्रुवापलीकडे'मध्ये तुला काम मिळालं. अभिनंदन. बारा वर्षं चाललेल्या या मालिकेबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. कॅप्टन राजोपाध्ये तीनदा मेला आणि तीनदा परत आला, दर वेळी केस अधिक काळे करून. यान अजून कुठेही पोचलेलं नाही. आकाशगंगेच्या टोकाला जाऊन या लोकांना सुचलं काय, तर डॉक्टर देशमुखांच्या मुलीचं लग्न. मी बघत नाही. आई बघते, मी पलीकडे पुस्तक घेऊन बसतो. पान उलटायचं राहून जातं, एवढंच.

आता तुझं पात्र. यानाच्या तळाशी हवा शुद्ध करणारी यंत्रं पुसणारी मुलगी. जन्म तळातच, वरचे मजले कधी पाहिलेले नाहीत. नाव नुसतं 'चिमी'. कॅप्टन तिला वर आणणार आणि सगळ्यांचे डोळे पाणावणार. दिग्दर्शक तुला म्हणाला, तुझ्या चेहऱ्यात अस्सलपणा आहे. मग त्यानं तुझ्या तोंडाला काळा रंग लावायला सांगितला. त्याच्या अस्सलपणाला तू कमी पडत होतीस.

तू सांगितलंस, "दादा, मी विचारलं त्यांना चिमीच्या आडनावाचं. ते म्हणाले, सत्तावीसशे सत्तर साल आहे, जात कधीच संपली, आता आडनाव कशाला?" हे तू इतक्या आनंदानं सांगितलंस की माझा प्रश्न मी पुढे ढकलला.

आता विचारतो. जात संपली, तर राजोपाध्ये कसे टिकले? देशमुख टिकले, जहागीरदार टिकले. शस्त्रांच्या कोठाराची किल्ली अजून त्यांच्याच कमरेला आहे. माणसानं सूर्यमाला ओलांडली, आणि एवढ्या प्रवासात झिजलं ते फक्त तळातल्या पोरीचं आडनाव. या लेखकांना नवा ग्रह कल्पिता येतो, त्यावर दोन सूर्य उगववता येतात. पण पुसायचं फडकं दुसऱ्या कुणाच्या हातात देता येत नाही. याला ते विज्ञानकथा म्हणतात. मी जुनं गावच म्हणतो, खाली रॉकेट बसवलेलं.

गेल्या आठवड्यात चाकणला कामगारांची गेटसभा होती. येताना तुमचा सेट पाहिला, त्या बंद पडलेल्या कंपनीच्या शेडमध्ये. यानाचं शेपूट बाहेर पावसात पडलं होतं. प्लायवूड फुगलं होतं. रखवालदार म्हणाला, "भाऊ, हात नका लावू, रंग निघतो." मला फार बरं वाटलं.

धम्मरत्न म्हणतो, "दादा, दीक्षा गेली परग्रहावर. आता पथनाट्यात नायिका तुम्हीच व्हा, मिशा काढून." तुझी जागा मी अजून कुणाला दिलेली नाही. कारण विचारू नकोस.

इथपर्यंतचं फोनवरही बोललो असतो. पुढचं जमलं नसतं.

गुरुवारी तुमची जाहिरात लागली. आईनं चष्मा पुसून घेतला. साक्षरता वर्गात ती फक्त स्वतःची सही शिकली, पण त्यातला शेवटचा शब्द तिला कुठेही ओळखता येतो. बाबांच्या तसबिरीखाली, माझ्या सभेच्या फलकावर. पडद्यावर कलाकारांची नावं आली, सगळी आडनावासकट. शेवटी आलं, 'आणि दीक्षा'. आई उठली, टीव्हीजवळ गेली आणि काचेवर बोट ठेवलं.

"हे दीक्षाचं व्हय? मग आपलं कुठंय?"

मी म्हणालो, "जागा पुरली नसेल."

"त्या कॅप्टनला बरी पुरली," ती म्हणाली आणि भाकरी करायला गेली.

आधी मी मालिकावाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग जून आठवला. तुझा नवा फ्लॅट बघायला मी मोशीला आलो होतो. तुला एकटीला तो इतका सहज कसा मिळाला, हे दारातच कळलं. पितळी पाटी होती, सुबक. 'दीक्षा'. मी बेल न वाजवता जिना उतरलो आणि तुला कळवलं की सभा लांबली. सभा नव्हतीच.

त्यामुळे जाहिरातीतलं नाव कुणी कापलं, हे मी तुला विचारत नाही.

दारावरची पाटी मी समजू शकतो. माणसाला छप्पर लागतं. पण चिमीला आडनाव का नाही, म्हणून मी चौकात उभा राहून ओरडणार, आणि समोरून कुणी विचारलं की तिचं काम करणारीला तरी आहे का, तर मी काय सांगू?

काम सोडू नकोस. तू त्या कॅप्टनला एका नजरेत खाऊन टाकशील, हे मी पथनाट्यात पाहिलेलं आहे. चिमी त्यांची आहे, तिला नाव द्यायचं की नाही ते ठरवोत. तुझं नाव त्यांचं नाही. आणि तुझ्या एकटीचंही नाही.

बुधवारी तुझं पहिलं चित्रीकरण. तोंडाला रंग लावायला बसण्याआधी, नावांची पाटी करणाऱ्या माणसाकडे जा आणि लिहायला सांग: दीक्षा अण्णासाहेब ओव्हाळ. तो विचारेल, "पूर्ण?" तू म्हण, "पूर्ण."

आई चष्मा पुसून बसेल.

तुझा दादा,
धम्मपाल अण्णासाहेब ओव्हाळ