रुकूच्या फाइलीचा व्यायाम

इब्रामपूर, पेडणे
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप प्रभावतीवन्संच्या चरणी धाकट्या भावजयीचा, म्हणजे पद्मावतीचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

पत्राचं कारण सावकाश सांगते, आधी तुमची खुशाली. तुमचे गुडघे, तुमची साखर आणि तुमची नवी सून, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. तुमची भाची रुकू मजेत आहे, येत्या फाल्गुनात अठरा पुरी करील. माझा पाय विहिरीवर जरासा मुरगळला होता, पण ती काही लिहिण्यासारखी गोष्ट नव्हे. फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. वन्सं, मी फोनवर बोलायला लागले की डिचोलीत तुमचं दूध उतू जातं. यंदा अकरा वेळा गेलं. पत्राचं बरं असतं, दूध उतू गेलं तरी ते बिचारं जागेवर थांबतं. (तुम्ही तीस वर्षं शाळेत शिकवलंत, मी चौथीत शाळा सोडली आणि पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांवर वाचून शिकले. तेव्हा चुका तांबड्या शाईनं दुरुस्त करून पत्र परत पाठवाल, ते गृहीत धरून समास सोडला आहे.)

तर आमच्या पेडण्यात समन्वय आला आहे. हा शब्द मी कोशात पाहिला. अर्थ असा की, वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळवून घेणे. ते मी सतरा वर्षं एकटीनं करत होते, पण त्याला शब्द आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून पगार मिळाला नाही. आता त्यासाठी एक समन्वयक नेमले आहेत. त्यांचं नाव सदाशिवबाब. माणूस गोड आहे, चहात साखर नको म्हणतो आणि दोन लाडू खातो. आधी ते गुरांच्या लसीकरणाचं काम बघत. एका दिवसात एका गावची सगळी गुरं, असा त्यांचा लौकिक होता. तोच हुरूप घेऊन ते आमच्या मुलांकडे वळले.

रुकूचं कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी उजळणी करते, कारण तुम्ही येऊन तीन वर्षं झाली. व्यायामाला म्हापसा. बोलायला शिकवणाऱ्या बाई तुमच्या डिचोलीत. (हो, मी दर महिन्याला तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर येते. हाक मारत नाही, दूध असतं.) दाखल्यांचे कागद पणजीला. रुकू अजून चालत नाही, असं दरवर्षी लिहून द्यावं लागतं. मी एकदा विचारलं, "बाब, ती चालायला लागली तर मी तुम्हाला कळवणार नाही का? अख्ख्या गावाला जेवण घालीन." ते म्हणाले, "पद्धत आहे, बाय." मी लिहून दिलं.

सदाशिवबाबांनी तालुक्यातल्या आयांची सभा बोलावली, ती आमच्या देवळाच्या मंडपात. चटई घातलेली, समोर समई, आणि सदाशिवबाब नेमके खांबाशी, जिथं गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहतो तिथं उभे राहिले. आवाजही देवानं तसाच दिला आहे, लांबवून वर नेणारा. "या मुलांची परवड थांबावीऽऽ," ते म्हणाले. आम्ही सगळ्या हात जोडून, "व्हय म्हाराजा!" खोटं सांगत नाही वन्सं, तोंडातून आपोआप निघालं. त्या जागी, त्या सुरात कोणी काही म्हटलं की आमच्या पिढ्यान् पिढ्या दुसरं काही म्हणालेल्या नाहीत. "फेऱ्या कमी व्हाव्याऽऽत." "व्हय म्हाराजा!" "सगळ्या सेवा एकाच दिवशी, सोमवारी सकाळी दहा वाजता मिळाव्याऽऽत." "व्हय म्हाराजा!" सदाशिवबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं एकमत त्यांना गुरांतही मिळालं नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं, सर्वानुमते मंजूर.

घरी येऊन भात टाकला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सेवा एका दिवशी आणल्या, पण एका गावात आणायच्या राहून गेल्या! सोमवारी दहा वाजता रुकूनं म्हापशात पाय हलवायचे, डिचोलीत तोंड उघडायचं आणि पणजीत आपण दोन्ही करत नाही हे सिद्ध करायचं. देवालासुद्धा अशा कामासाठी अवतार घ्यावे लागतात, तेही एकामागून एक. मी सदाशिवबाबांना फोन केला. ते म्हणाले, "पण पद्मावतीबाय, तुम्हीच 'व्हय' म्हणालात की! सह्या आहेत."

पहिल्या सोमवारी मी म्हापसा निवडलं. रुकूला तिच्या खुर्चीसकट भाड्याच्या जीपमध्ये चढवलं. (खुर्ची तुमच्या भावानं भिकाजी सुताराकडून करून घेतलेली, तीच. खात्यानं चाकांची खुर्ची दिली, नाही असं नाही. रुकू नऊ वर्षांची असताना माप नेलं, ती चौदाची असताना खुर्ची आली. तिच्यात मी कोकमाची सोलं वाळवते, उन्हाबरोबर ढकलत नेता येतात. ह्यांच्या खुर्चीला भिकाजीनं दोनदा पट्ट्या जोडून लांबी वाढवली. दुसऱ्या खेपेला हे नव्हते. भिकाजी म्हणाला, रामचंद्रानं लाकूड आधीच जास्तीचं आणून ठेवलं होतं, पोर वाढणार म्हणून. ते माळ्यावर होतं. मला माहीत नव्हतं.) तर म्हापशाला पोचलो. तिथल्या बाईंनी रुकूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चेडू हाडलां, पण फाइल खंय?"

फाइल चुलीवरच्या फळीवर राहिली होती. मी म्हटलं, "फाइल नाही, पण जिच्यावर फाइल आहे ती आणली आहे." बाई म्हणाल्या, "तशें जमना गो." रुकू मोठ्यानं हसली. तिला बोलता येत नाही, पण कुठे हसायचं ते सगळ्या तालुक्यात तिला एकटीलाच नीट कळतं. जीप परत.

पुढच्या सोमवारी मी, तुये गावची मालती आणि चोपड्याची सुशीला अशा तिघी शहाण्या झालो. मालती कारखान्यात पाळीला जाते, तिचा मुलगा रुकूसारखाच. सुशीलेच्या मुलीला ऐकू येत नाही. तिन्ही मुलं सुशीलेच्या घरी नदीकाठी ठेवली, तिच्या सासूपाशी. तिन्ही फाइली घेऊन मालती म्हापशाला गेली, तिथून सुशीला त्या डिचोलीला घेऊन गेली, मी पणजीला नेल्या. आता ऐका हं. कोणीही विचारलं नाही की मुलं कुठे आहेत, की दहाचे तीन कसे वाजले! म्हापशात रुकूच्या फाइलीवर शिक्का बसला, 'व्यायाम दिला'. डिचोलीत बसला, 'उच्चारांत सुधारणा'. पणजीत म्हणाले, बाकी तालुक्यांनी पेडण्याचा कित्ता गिरवावा. वन्सं, सतरा वर्षांत रुकूच्या फाइलीची प्रकृती इतकी सुधारली नव्हती. असंच चाललं तर शिमग्यापर्यंत फाइल स्वतः उठून बसमध्ये चढेल.

आणि मुलं? सुशीलेच्या सासूनं त्यांना ओट्यावर बसवून शिंपल्या निवडायला दिल्या. मालतीच्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी चिमटा काढला. सुशीलेच्या मुलीनं रुकूचा हात धरून तिला बोटांनी काहीतरी शिकवलं. ते काय ते मला अजून कळलेलं नाही, कारण दोघी माझ्याकडे बघून हसतात. तेव्हापासून दर सोमवारी असंच. फाइली फिरतात, मुलं खेळतात, आणि खरा व्यायाम आम्ही शनिवारी म्हापशाच्या एका म्हाताऱ्या नर्सबाईकडे करून घेतो. तिच्याकडे शिक्का नाही, म्हणून तिला वेळ असतो. सदाशिवबाबांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी तिसरा लाडू घेतला आणि म्हणाले, "हे कुठे लिहू नका. यालाच समन्वय म्हणतात, पण तक्त्यात बसत नाही." मला वाटतं माणूस सुधारेल.

तुमचा भाऊ गेला त्याला नऊ वर्षं झाली. हल्ली मी रडत नाही. पण संध्याकाळी दोन कप चहा टाकते, आणि दुसरा मीच पिते. म्हणून झोप येत नाही, बाकी काही नाही. बाराव्याला निघताना तुम्ही म्हणाला होतात, "काही लागलं तर कळव." नऊ वर्षं मी काही लागू दिलं नाही, याची आपण नोंद घेतली असेलच.

असो. फार लिहिलं. सूनबाईला आशीर्वाद, दुधावर लक्ष असू द्या.

तुमची, तुम्हाला कधीच न पटलेली भावजय,
पद्मावती

ता. क. भिकाजीच्या हाती सोलं पाठवली आहेत. खात्याच्या खुर्चीत वाळलेली, म्हणजे सरकारी समजा.

दुसरा ता. क. पाय मुरगळला असं वर लिहिलं ते तितकंसं खरं नाही. पहाटे विहिरीवर पडले ती उठलेच नाही. तासभर तिथंच. आत रुकू एकटी. तिला दिसत काही नव्हतं, फक्त घागर आपटल्याचा आवाज आला असेल. जिला वाचा नाही असा दाखला आहे ती पोर शेजार जागं होईपर्यंत ओरडत राहिली. चार दिवस तिचा घसा बसला होता. डिचोलीच्या फाइलीवर तेव्हाही 'सुधारणा' असंच आहे, आणि या एका खेपेला ते खरं आहे. पण मला त्या तासात एकच गोष्ट दिसत होती, की उद्या मी खरंच उठले नाही तर ती कोणासाठी ओरडेल, आणि येणार कोण?

तिसरा ता. क. सोबत एक कागद आहे. अठरा पुरी झाली की रुकूचं नाव मुलांच्या यादीतून निघतं आणि पालक नव्यानं नेमावा लागतो. पहिल्या ओळीत माझं नाव आहे. दुसरी ओळ 'यांच्यानंतर' अशी आहे. तिथं मी तुमचं नाव लिहिलं, शाईनं. रागावू नका. गोड बोलणारे पुष्कळ आहेत, सगळे तिला 'बिचारी' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या चवथीला तिनं खोबरं भरलेल्या नेवऱ्यांचं ताट उलटं केलं, तेव्हा सगळे म्हणाले, "जाऊं दे, बिचारी." एकट्या तुम्ही कडाडलात, "मुद्दाम केलंस तू!" आणि तिला जमिनीवर बसवून तिच्या एका चालत्या हातानं एकूण एक नेवरी उचलायला लावलीत. तास लागला. मी तुमच्याशी महिनाभर बोलले नाही. पण वन्सं, तिनं मुद्दामच केलं होतं. ते ओळखणाऱ्या जगात तुम्ही एकट्या. त्यानंतर आठ दिवस ती घरात राणीसारखी वावरत होती. कागदावर तुमचं नाव लिहिण्याआधी मी तिला विचारलं. 'हो' म्हणायचं तर ती तळहातानं खुर्चीवर एकदा थापटते. तिनं तीनदा थापटलं.

शेवटचा ता. क. काल गुरवानं देवळात तुमचं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं, प्रभावतीच्या मनात हे यावं म्हणून. अख्खा मंडप म्हणाला, "व्हय म्हाराजा!" त्या 'व्हय'चं मोल काय असतं ते वर तीन पानं लिहिलंच आहे, तेव्हा मी ते धरलेलं नाही. मला तुमच्या तोंडचं हवं आहे. नाही म्हणायचं असेल तर तांबड्या शाईनं सरळ 'नाही' लिहा, मला राग येणार नाही, भांडण मात्र होईल. फक्त 'बघू' लिहू नका. आणि हो असेल तर स्वतः सही करायला या. सोमवारी येऊ नका, सोमवारी फाइल घरी नसते.