बोरखडी फाट्यावर न थांबणाऱ्या गाडीबाबत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
बस आगार, आदिलाबाद.

विषय : चालक श्री. खुशाल मेश्राम यांच्याविरुद्धची तक्रार रद्द करून त्यांना पूर्वीच्या मार्गावर परत घेण्याबाबत.
संदर्भ : प्रस्तुत अर्जदाराचाच दि. ८ जुलै २०२५ चा तक्रार अर्ज.

महोदय,

१. दि. ३० जूनपर्यंत राज्याच्या सीमेवरून तामसीमार्गे आदिलाबादला येणारी सकाळची पावणेसातची गाडी बोरखडी फाट्यावर रोज थांबत होती. दि. १ जुलैपासून ती थांबेनाशी झाली. गाडी तीच, चालक तोच, वेळ तीच आणि हात दाखवणारी माणसेही तीच होती.

२. गावात तर्कांना ऊत आला. कुसुमबाईंनी फाट्यावरच्या निवाऱ्याला लिंबू-मिरच्या बांधल्या. अर्जदार हा भौतिकशास्त्राचा सेवानिवृत्त शिक्षक असल्याने त्याने तेथेच उभे राहून पुराव्याशिवाय कार्यकारणसंबंध मानू नये, असे अर्धा तास समजावले. आणि घरी जाऊन, सरकारी योजनेत मोफत प्रवास करणाऱ्या बायका चढतात म्हणून चालक मुद्दाम गाडी पळवतो, असा अर्ज आपल्याकडे केला. त्यासाठी त्याच्याजवळ पुरावा नव्हता. अक्षर मात्र चांगले होते.

३. त्या अर्जावरून श्री. मेश्राम यांना मार्गावरून काढण्यात आले व येत्या दि. १८ ऑगस्टला त्यांची चौकशी ठेवण्यात आली आहे. एकवीस वर्षांच्या नोकरीतील ही पहिलीच. नवा चालकही फाट्यावर थांबला नाही. येथे अर्जदाराने आपले गृहीतक टाकून द्यायला हवे होते. त्याने वहीत 'एकाच माळेचे मणी' असे लिहिले.

४. त्यानंतर अर्जदाराने चौदा दिवस फाट्यावर उभे राहून नोंदी घेतल्या. प्रवासी किती, त्यांत स्त्रिया किती, हात किती वेळ वर होता, यांपैकी कशाचाही गाडीवर परिणाम दिसला नाही. गाडी एकदाच थांबली, दि. २४ जुलैला. त्या दिवशी वाहकाने वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा खाली ठेवला. सीमेवरच्या वर्तमानपत्र एजंटाने चुकून गिऱ्हाइकांची जुनीच यादी वापरली होती. गठ्ठ्याला पार्सलची पावती होती आणि तीवर 'उतरविण्याचे ठिकाण : बोरखडी फाटा' असे छापलेले होते. पावती सोबत जोडली आहे.

५. अर्जदार ती पावती घेऊन श्री. मेश्राम यांच्या घरी गेला. त्यांनी त्याला आधी चहा दिला, हे नमूद करणे अर्जदारास अवघड जात आहे. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत असे : "गुरुजी, बोरखडी आमच्या थांब्याच्या यादीत कधी नवतीच. गठ्ठ्याची पावती असे, म्हणून थांबत होतो. गाडी उभी राहिली की माणसं चढत. त्याहिले नाही काऊन म्हणू? आता पावती नाही. वळणावर बिनकारण गाडी थांबवली तर तुमीच अर्ज कराल." याप्रमाणे, गाव ज्याला आपला थांबा समजत होते, तो थांबा माणसांचा नव्हताच, गठ्ठ्याचा होता. माणसे गठ्ठ्याच्या आश्रयाने प्रवास करीत होती. अर्जदार स्वतः एकोणीस वर्षे शाळेला असाच गेला.

६. खातरजमा म्हणून दि. १ ऑगस्टपासून अर्जदाराने एकाच मराठी वर्तमानपत्राच्या दहा प्रती स्वतःच्या नावे लावल्या. दहापेक्षा कमी प्रतींचा गठ्ठा एजंट पाठवीत नाही. दहाही दिवस गाडी थांबली, तीही नव्या चालकाच्या हाती. दोष चालकाचा नव्हता, हे यावरून सिद्ध होते. नऊ प्रती न वाचताच राहतात. हा खर्च अर्जदाराच्या निवृत्तिवेतनास फार काळ झेपणारा नाही. म्हणून माणसांसाठीही येथे थांबा मंजूर व्हावा, अशी जोडविनंती आहे. मुख्य विनंती श्री. मेश्राम यांच्याबाबतचीच. चौकशीच्या दिवशी अर्जदार स्वखर्चाने हजर राहून वरील मजकूर तोंडी सांगण्यास तयार आहे.

७. गठ्ठा मुळात बंद का पडला, हे लिहायचे अर्जदार आतापर्यंत टाळत आला. मे महिन्यात त्याने घरच्या मासिक वर्गण्या तपासल्या. सिनेमांच्या दोन, गाण्यांची एक आणि फोनमधील छायाचित्रे साठवण्याची एक अशा चार बंद केल्या. बरे वाटले. मग वर्तमानपत्र बंद केले, कारण बातम्या फोनवर फुकट मिळतात. एवढ्यावर तो थांबला नाही. दि. १५ जूनला ग्रामपंचायतीसमोर त्याने फळ्यावर भोके पडलेली घागर काढून 'महिन्याची गळती' या विषयावर व्याख्यान दिले. टाळ्या पडल्या. उरलेल्या तेरा घरांनी महिनाअखेरपासून वर्तमानपत्र बंद केले. ते घरोघर टाकणाऱ्या दौलतचे काम गेले, आणि त्याची मुलगी वृषाली कॉलेजला जाण्यासाठी महिनाभर साडेतीन किलोमीटर चालत पुढच्या थांब्यावर गेली. अर्जदाराच्या पत्नी ताराबाई यांनी हे सारे ऐकून एवढेच म्हटले : "पेपर वाचवला अन् गाव पायी धाडलं."

सबब, गाडी न थांबण्याचे कारण, अर्जदाराने गावात बंद पाडलेली चौदा वर्तमानपत्रे, हे आहे. श्री. खुशाल मेश्राम यांचा त्यात काहीही दोष नाही.

आपला नम्र व चुकलेला,

(सही)
सुधाकर मारोतराव नगराळे
मु. बोरखडी, मंडळ तामसी, जि. आदिलाबाद
दि. ११ ऑगस्ट २०२५