लाल दिव्यावरची टोपी

५ फेब्रुवारी, सकाळ
गाणाऱ्या, वाजवणाऱ्या, घसे बसवून घेणाऱ्या तमाम बंधू-भगिनींनो, घाम आपण गाळायचा आणि नाव काचेपलीकडे बसलेल्या माणसाचं व्हायचं, हे किती दिवस चालणार?
(ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. तरी सुरुवात दमदार हवी.)
निमित्त, आजच्या पेपरातलं परीक्षण. आमच्या दुसऱ्या अल्बमची तोंड भरून स्तुती. शब्द माझे, चाली माझ्या, आवाज माझा. आणि शेवटचं वाक्य काय, तर खरी करामत प्रोड्यूसरची. बायकोने ते चहा पिताना मोठ्याने वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती.
निश्चय : तिसरा अल्बम प्रोड्यूसरशिवाय.

६ फेब्रुवारी
बँडची बैठक. म्हणजे मी, ड्रम वाजवणारा मेहुणा आणि गिटारवाली. मी पाऊण तास बोललो. श्रम, सत्ता, इतिहासातल्या तीन क्रांत्या. मेहुणा म्हणाला, भावजी, चालेल, पण आधी जेवून घेऊ या का. म्हणजे एकमत. गिटारवालीचं मत विचारायचं राहून गेलं.

७ फेब्रुवारी
प्रोड्यूसरने दोन अल्बममध्ये नेमकं काय केलं, याची निःपक्षपाती नोंद. थर्मासातून चहा ओतला. मेहुण्याला सांगितलं, अर्धंच वाजव. गिटारवालीला सांगितलं, आत्ता चुकलीस ना, तेच परत चूक. गाण्यांच्या मध्ये माझी छोटी भाषणं होती, ती सगळी कापली. रेकॉर्डिंग चालू असलं की पेटतो तो लाल दिवा, त्यावर हा स्वतःची टोपी टांगणार. शेजारी खुंटी आहे. शिस्त नावाला नाही. आणि कहर म्हणजे त्याचं ते 'एक नुसती ट्रायल घेऊ'. आपण सहज गुणगुणायचं. मग आता खरं गायचं म्हणून मी छाती भरून घेतो, तोवर हा उठून म्हणणार, झालं, जा घरी.
माझं खरं गाणं त्या माणसाने आजवर ऐकलेलंच नाही.

८ फेब्रुवारी
त्याला सांगितलं. भांडणाचे मुद्दे काढून गेलो होतो. तो म्हणाला, बरं. टोपी डोक्यावर घातली, थर्मास काखेत मारला आणि निघाला. दारातून एवढंच म्हणाला की मशीन बंद करायला विसरत जाऊ नका. साफ बोलती बंद केली मी त्याची.

११ फेब्रुवारी
स्वातंत्र्याचा पहिला दिवस. आमची खोली मेहुण्याच्या गॅरेजच्या मागे. लाल दिवा पुसून लख्ख केला. बटण दाबायचं, काचेच्या दारातून धावायचं, वायरीत न अडकता माइक गाठायचा. तिसऱ्या खेपेला जमलं. पूर्ण ताकदीने गायलो. मेहुण्याने पूर्ण वाजवलं, अर्धं नाही. गॅरेजमधल्या गाडीचा अलार्म वाजला. तो ठेवावा की काय, विचार चालू आहे.

१२ फेब्रुवारी
कालचं ऐकलं. काय जरब आहे आवाजात. बायको डोकावली, म्हणाली, कुणाला झापतोयस एवढं? सांगितलं, अगं, ही अंगाई आहे. ती म्हणाली, मग ते बाळ आता थेट कॉलेजला जाईपर्यंत झोपत नाही.
घरच्यांना कला उशिरा कळते.

२० फेब्रुवारी
गिटारवाली शेवटी बोलली. तिला दुसऱ्या बँडने बोलावलंय. म्हणाली, या अल्बममधलं एक तरी गाणं परत ऐकावंसं वाटलं तर राहीन, नाहीतर नाही. आणि आजपासून गिटार घरी घेऊन जायला लागली. पाच वर्षं ती इथे कोपऱ्यातच असायची.
गिटारवाली गेली तर बँड संपला. चाली माझ्याच आहेत, पण त्या नेमक्या कुठल्या, ते मला ती वाजवेपर्यंत कळत नाही.
निश्चय : १ मार्चला सगळ्यांना घरी बोलावून अल्बम ऐकवायचा. ती पाय धरून राहील.

२६ फेब्रुवारी
कापलेली भाषणं परत घेतली. एक नवीन सुचलं, तेही घेतलं. अंगाई अकरा मिनिटांची झाली. मेहुणा म्हणाला, भावजी, हे बाळ निवडणुकीला उभं राहणार.
घसा बसलाय. मोठ्या कलाकारांचा बसतोच.

१ मार्च, संध्याकाळ
ऐकवला. पहिल्या गाण्याला मेहुणा पंख्याकडे बघत होता. तिसऱ्याला बायकोने कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. अंगाईतल्या भाषणापर्यंत गिटारवालीने बूट घातले होते.
मग एक घोटाळा. अंगाई रेकॉर्ड केली त्या दिवशी मी मशीन बंद करायला विसरलो होतो. अंगाई संपली तरी आवाज चालूच. मी वायरी गुंडाळतोय आणि तीच अंगाई नाकातल्या नाकात म्हणतोय, गिटारवाली तारा सैल करता करता साथ देतेय. मी बंद करायला उठलो तर तिघंही ओरडली, बस खाली. बायकोच्या हातात टॉवेल तसाच. गिटारवाली म्हणाली, परत लाव.
मी समजावलं, हे गाणं नाही, ही नुसती ट्रायलसुद्धा नाही. त्यावर मेहुणा परत पंख्याकडे बघत म्हणाला, भावजी, आपले दोन्ही अल्बम असेच झालेत. टोपीखाली दिवा लागलेला असायचा.
सगळ्यांना माहीत होतं. बायकोलासुद्धा.
निष्कर्ष : न गातासुद्धा मी उत्तम गातो. यात प्रोड्यूसरचं श्रेय काय?

२ मार्च
गिटारवाली म्हणते, दीड मिनिटाचा अल्बम होत नाही. तिला रविवारपर्यंत त्या दुसऱ्या बँडला कळवायचंय.
हरकत नाही. युक्ती आता माझ्या हातात आहे.

३ मार्च
बटण दाबलं. लाल दिव्यावर माझी टोपी टांगली. स्वतःला बजावलं, ही नुसती ट्रायल आहे. पटलं नाही. पुन्हा बजावलं, जरा ठासून, दाखले देऊन. तरी नाही. मी भरलेली मैदानं जिंकली आहेत, आणि आज एक श्रोता हाती लागेना, तोही मीच.
गायलो. अलार्म वाजला.

४ मार्च
प्रोड्यूसरला फोन केला. मोठ्या मनाने. तो म्हणाला, बरं.

६ मार्च, शनिवार
तो आला. मी स्वागताचं भाषण केलं, त्याने ते चहा ओतत पूर्ण ऐकून घेतलं. मग मी स्पष्ट सांगितलं, ट्रायलची युक्ती मला कळली आहे, ती यापुढे चालणार नाही. त्याने मान डोलावली. सवयीने टोपी दिव्यावर टांगली, मशीनशी बराच वेळ खुडबुड केली आणि म्हणाला, फार दामटलंत याला, बिघडलंय. आज रेकॉर्डिंग होत नाही. जमलोच आहोत तर नुसतं गाऊन घ्या.
खरं सांगायचं तर हायसं वाटलं. बसूनच गायलो. अंगाई, मग बाकीची सगळी. मेहुण्याने आळस करून अर्धंच वाजवलं. भाषण एकही आठवलं नाही. गिटारवाली एकदा चुकली, तर तो म्हणाला, तेच परत चूक. शेवटी डोळे पुसत उठला (चहाची वाफ), म्हणाला, झालं, जा घरी.
मेहुणा आणि गिटारवाली एकमेकांकडे बघून हसत होती. कशाला, कोण जाणे. गिटार तिने कोपऱ्यात ठेवून दिली. निघताना मी तिला म्हटलं, माझं खरं गाणं ऐकल्याशिवाय त्या लोकांना काही कळवू नकोस. ती म्हणाली, आत्ताच नाही म्हणून कळवलं.
म्हणजे माझ्या शब्दाला अजून वजन आहे. गळाही आज भलताच मोकळा आहे, अशी वेळ दवडून चालणार नाही. तेव्हा बंधू-भगिनींनो, एकच मागणी. उद्या सकाळी सगळी कामं बाजूला ठेवा आणि आधी ते मशीन दुरुस्त करून आणा.